दुसऱ्या ठोक्याला

ही शहाण्णव सालच्या कार्तिकातली गोष्ट. शेणवे गावाच्या पलीकडे ओढ्याच्या काठाला ज्ञानेश्वरचं गरवं भात उभं होतं. लवकर पिकणारं हळवं कापून भाऱ्यांची उडवी रचून झाली होती, गरवं आता कुठे पिवळं पडत होतं, आणि रानडुकरांना त्याचा वास लागला होता. कळप शिरला की खाणं थोडं आणि लोळून नासाडी जास्त. म्हणून ज्ञानेश्वर शेतातल्या माळ्यावर राखणीला जायचा आणि सोबत घरची ठासणीची बंदूक न्यायचा. पीक राखायचा परवाना बापाचा, कोंडूचा. पण कोंडूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, समोरचा माणूस तो आवाजावरून ओळखायचा. परवान्यावर थोरल्या मुलाचंही नाव चढवून घेतलं होतं, तेव्हापासून बंदूक ज्ञानेश्वरच वापरायचा.

त्या दिवशी उजाडता उजाडता तो माळ्यावरून उतरून बांधानं घराकडे निघाला. धुकं होतं. शेजारचं भात सळसळलं आणि दगड फेकावा इतक्या अंतरावर एक सुळेवाला नर बाहेर आला. ज्ञानेश्वरनं बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला. बंदुकीचा घोडा पडला, नुसता टक्क आवाज झाला. डुक्कर त्या आवाजाला वळलं. मग बार उडाला खरा, पण तोवर ते अंगावर आलं होतं आणि बार गेला आभाळात.

गावानं बार ऐकला आणि म्हटलं, पडला डुक्कर. हसत हसत दोघं-तिघं शेताकडे आले, तर ज्ञानेश्वर चिखलात बसला होता. मांडी गुडघ्यापासून वर फाटली होती आणि दोन्ही हातांनी त्यानं ती जुळवून धरली होती.

त्याची बायको सकुबाई ओटीवर तांदूळ पाखडत होती. हातातलं सूप तिथंच टाकून ती धावली ती थेट त्याला न्यायला काढलेल्या जीपमध्ये चढली. शहापूरच्या वाटेवर नवऱ्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तो एवढंच बोलला, "टायमाला उडली नाय गो." मग त्याची शुद्ध गेली. शहापूरला तात्पुरती पट्टी बांधून त्याला ठाण्याला हलवलं. तिथं डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल, पण गुडघा पूर्वीसारखा वाकणार नाही.

ज्याचं सगळं आयुष्य चिखलात उकिडवं बसण्यात जायचं त्याला गुडघा न वाकणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना सांगत बसण्यात अर्थ नव्हता. सकुबाई गप्प राहिली. तशी ती गप्प राहणारी बाई नव्हती. गावात तिच्या तोंडाला लागायला लोक कचरत. पण त्या पांढऱ्या भिंतींमध्ये कुणावर ओरडायचं तेच तिला कळेना, आणि राग नुसता साठत गेला.

नवऱ्याचे कपडे न्यायला ती गावी आली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. धाकटा दीर साईनाथही होता. तो मुरबाडला एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होता. भावाचं कळल्यावर ठाण्याला येऊन ढसाढसा रडला होता, आणि आता ओटीच्या मेढीला टेकून उभा होता. माणसं अशा वेळी बोलतात तशीच बोलत होती. कुणी म्हणालं नशीब, कुणी म्हणालं पाय तरी राहिला. बार वेळेवर उडाला नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, शेजारचा एक जण सहज बोलून गेला, "दारू दमट झाली असंल. पावसात दमट झाली की अशीच उशिरा पेटते."

सकुबाई वळली. दारू सांभाळायचं काम कोंडूचं होतं. बंदूक मुलाला दिली तरी बंदुकीची दारू त्यानं कुणाच्या हातात दिली नव्हती. वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून ती तो ओटीवरच्या आपल्या खाटेच्या वर टांगायचा, आणि त्या भिंतीच्या पलीकडे मोरी होती.

"आखाडापासून सांगत होते," ती ओरडली. "भिंतीला ओल येते, तुंबा चुलीच्या अंगाला टांगा. ऐकला? सुनेचा ऐकून कमीपणा येतो ना! डोळे गेले तरी घरात हुकूम तुमचाच चालला पायजे. आता बसा हुकूम करत. पोराचा पाय घेतलात तुमी. तुमी घेतलात, डुकरानं नाय!"

"सकू," कोंडू म्हणाला, "दारू कोरडी हाय."

"कोरडी हाय तर उडली का नाय?"

म्हातारा खाटेच्या कडेला हात टेकून बसून राहिला. ती बोलतच राहिली. सासू गेल्यापासूनचं, मोरीच्या भिंतीपासून ते जेवणात मीठ कमी म्हणून ताट सरकवण्यापर्यंतचं, सगळं बाहेर आलं. अंगणातली माणसं एकेक करून निघून गेली. साईनाथ मात्र तिथंच उभा होता, खाली मान घालून. शेवटच्या गाडीनं तोही मुरबाडला गेला.

संध्याकाळी कोंडूनं भाकरीला हात लावला नाही. सकुबाईनं ताट झाकून ठेवलं आणि मनात म्हटलं, नका जेवू.

सकाळी ती ठाण्याला जायच्या तयारीनं उठली, पण पिशवी भरता भरता कोपऱ्यातल्या बंदुकीवर तिची नजर गेली आणि तिचं डोकं पुन्हा फिरलं. लाकडं फोडायची कुऱ्हाड घेऊन तिनं बंदूक अंगणात ओढली. लोखंडाचा आवाज ऐकून कोंडू चाचपडत बाहेर आला.

"काय करतेस?"

"मोडते. हिच्या नावानं घरात कुणी पुन्हा माळ्यावर जायला नको."

"मोड," कोंडू म्हणाला. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "मी अडवत नाय. पण आधी माझ्यासमोर ती तपासून बघ. दारू दमट निघाली तर मीच कुऱ्हाड घालीन. मग तू काय बोललीस ते मरेपर्यंत ऐकून घेईन."

सकुबाईला नाही म्हणता आलं असतं. पण म्हाताऱ्याच्या आवाजात रडवेपणा नव्हता, राग होता, तिच्याइतकाच. तिनं कुऱ्हाड खाली टेकवली.

कोंडूनं आधी नळीत गज घालून पाहिला. गज तळापर्यंत गेला, म्हणजे बंदूक रिकामी होती. मग त्यानं तुंबा मागितला. चिमूटभर दारू पायरीच्या दगडावर ठेवायला सांगून तो म्हणाला, "चिमट्यानं निखारा लाव. तोंड लांब ठेव." सकुबाईनं निखारा नेला मात्र, भस्सकन जाळ झाला आणि दगडावर नुसता काळा डाग उरला.

"दमट असती तर चरचरत, धुमसत गेली असती," कोंडू म्हणाला.

सकुबाईला कबूल करायचं नव्हतं.

"मग ठिणगीची वाट चोंदली असंल," ती म्हणाली.

"बघू. ऊन पाणी आण."

तिनं नळीत ऊन पाणी ओतलं. नळीच्या बुडाशी बाजूला एक पोकळ बोंड असतं, त्याला निपल म्हणायचे. त्याच्यावर केप बसवतात. केप म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी. तिच्यात मसाला असतो, घोडा तिच्यावर आदळला की ठिणगी निपलमधून आत जाते आणि दारू पेटते. हे सकुबाईला इतकी वर्षं घरात बघून ठाऊक होतं. कोंडूनं गजाला फडकं गुंडाळून वरून दाबलं तसं निपलच्या तोंडातून पाण्याची सरळ बारीक चिळकांडी उडाली. वाट मोकळी होती.

"घोड्याची कमान ढिली पडली असंल," सकुबाई म्हणाली. घोड्याला जोर देणारी स्प्रिंग म्हणजे कमान.

"तेच बघायचा राहिलाय."

बंदूक उन्हात वाळवेपर्यंत दोघं अंगणात बसले. कोंडूला तिनं चहा दिला, तो त्यानं घेतला. मग त्यानं दारू न भरता नुसती एक केप निपलवर बसवायला सांगितली, नळीचं तोंड जमिनीकडे धरलं आणि चाप ओढला. टक्क. केप वाजली नाही. त्यानं तीच केप तशीच ठेवून घोडा पुन्हा ओढला आणि सोडला. फाट्कन आवाज झाला. नळीपुढची धूळ उडाली.

नवीन केप लावली. पहिल्यांदा टक्क, दुसऱ्यांदा फाट्. आणखी एक. तेच. आणखी एक लावली, तरी तेच.

सकुबाई आता पुढं सरकून बसली होती. "कमान ढिली असंल तर दुसऱ्यांदा तरी कशी वाजंल?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

"नायच वाजणार," कोंडू म्हणाला. "केप लाव एक. मी हात लावून बघतो."

तिनं केप लावली आणि त्यानं घोड्याला हात न लावता, बोटाच्या टोकानं केपेची कड चाचपली. पुन्हा चाचपली. त्याचा चेहरा बदलला.

"ही खाली बसत नाय. वरच राहते. घोडा पहिल्यांदा पडतो तो तिला खाली ठोकायला. तिच्यातला मसाला चेपतच नाय. दुसऱ्यांदा ती टेकलेली असते, म्हणून वाजते."

"म्हणजे केपा बारीक आल्या?"

"डबी जुनीच हाय. गेल्या साली याच डबीतल्या केपांनी बार काढलेत." त्यानं केप नखानं उपटून काढली आणि उघडी निपल चिमटीत धरून तिच्याभोवती बोटं फिरवून पाहिली. "ही माझी निपल नाय."

"काय?"

"माझी वरच्या अंगाला निमुळती होती. ही सरळ हाय, जाड. बघ तू, तुला दिसतंय ना!"

सकुबाईनं पदरानं निपलवरची काजळी खसाखसा पुसली. आतलं लोखंड नवंकोरं चकाकलं. त्याच्यावर बारीक बारीक गोल रेघा होत्या, एकीला लागून एक. तिला त्या ओळखीच्या होत्या. तिच्या खलबत्त्याचा बत्ता साईनाथनं दिवाळीला मुरबाडहून लेथवर काढून आणला होता. त्याच्या दांड्यावर अशाच रेघा होत्या, मसाला कुटताना तळहाताला लागायच्या.

ती उठून उभी राहिली. कोंडूला रेघा दिसत नव्हत्या, पण तिचं असं उठणं त्याला कळलं.

"साईनाथ?" त्यानं विचारलं.

"तुमी जेवून घ्या," सकुबाई म्हणाली. "भाकरी झाकलेली हाय. मी येते."

मुरबाडपर्यंतच्या वाटेत तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. बंदूक नाही, डुक्कर नाही, नवऱ्याची फाटलेली मांडीही नाही. मेढीला टेकून उभा असलेला साईनाथ. ती म्हाताऱ्याला चारचौघांत फाडून खात होती आणि हा खाली मान घालून ऐकत होता. किन्हवली गेली, सरळगाव गेलं. शेजारच्या बाईनं तिला काहीतरी विचारलं, ते तिला ऐकूच आलं नाही.

वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रांचा एवढा आवाज होता की ती साईनाथच्या मागं येऊन उभी राहिली तरी त्याला कळलं नाही. तिनं हात पुढं करून लेथचं बटण बंद केलं. कुठलं बटण ते तिला ठाऊक नव्हतं, पण लाल होतं.

"वयनी? दादाला काय झाला?"

"बंदुकीला निपल तू बसवलीस?"

त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. आजूबाजूचे कामगार बघायला लागले.

"वयनी, बाहेर चल, बाहेर बोलू."

"बाहेर कशाला? मी तुझ्या बापाला घरात बोलले का? अंगणात बोलले, माणसांत बोलले. तू तिथंच होतास. तुला तोंड होता ना? 'वयनी, दारू दमट नाय, चूक माझी हाय,' एवढा बोलायला तुझी जीभ झडली होती?"

एरवी ती धाकट्या दिराला भावजी म्हणायची, अहोजाहो करायची. आज त्यातलं काही उरलं नव्हतं. साईनाथ हातातला चिंध्यांचा बोळा पिळत राहिला. मग तुटक तुटक बोलायला लागला. श्रावणात कोंडू बहिणीकडे गेला होता तेव्हा दोघा भावांनी बंदूक साफ करायला काढली. निपल गंजून धरली होती. साईनाथनं पाइप पान्यानं जोर लावला आणि ती मुळाशी तुटली. ठाण्या-कल्याणच्या दुकानातून नवी आणायची तर परवाना दाखवायला लागणार, आणि तो बापाकडून मागून घ्यायला लागणार. म्हणून त्यानं इथंच, जेवणाच्या सुटीत, लेथवर नवी काढली.

"आटे एकदम बरोबर बसले वयनी. वरचा भाग अंदाजानं काढला. केप जरा घट्ट जायची, पण जायची. मला वाटला…"

"काय वाटला?"

"वापरून झिजंल."

शेडमध्ये कुणीतरी खाकरलं. सकुबाईचा हात उठला होता, तो तिनं कसाबसा खाली घेतला.

"आणि तुझ्या दादाला माहीत नसताना त्याच्या हातात दिलीस?"

साईनाथनं पहिल्यांदा वर पाहिलं. "दादाला सगळा ठाव होता. दोनदा घोडा ओढायला लागतो ते पण. तोच म्हटला, बाबांना कळता कामा नाय."

हे मात्र तिनं गृहीत धरलं नव्हतं. क्षणभर ती लेथच्या कडेला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मालकाला सांग आणि चल."

"कुठं?"

"ठाण्याला. दोघं मिळून लपवलात, दोघं मिळून सांगा."

वॉर्डात पोचायला दुपार टळली. ज्ञानेश्वरचा पाय वर टांगलेला होता. बायकोच्या मागं साईनाथला बघून त्यानं आधी हसायचा प्रयत्न केला, मग दोघांचे चेहरे बघून तो थांबला. सकुबाईनं पिशवीतला डबा स्टुलावर आदळला.

"घोडा दोनदा पडल्यावर उडते ही गोष्ट तुमाला ठाव होती?"

तो चादरीची कड ओढत राहिला.

"विचारते मी."

"ठाव होती," तो म्हणाला. "हंगाम काढायचा होता. भात घरात आल्यावर बदलली असती."

"आणि डुकराला काय सांगायचा होता? थांब बाबा, एकदा टक्क होऊ दे, मग दुसऱ्यांदा मारतो?"

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा फिस्सकन हसला. सकुबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं चादर तोंडावर ओढली.

"बाबांनी साईला घरात घेतला नसता," ज्ञानेश्वर हळू आवाजात म्हणाला. "ती बंदूक म्हणजे त्यांचा जीव. तुला ठाव नाय का? मागं मी नळीला तेल लावायचा विसरलो तर महिनाभर माझ्याशी बोलले नाय."

"म्हणून तुमी जीव द्यायला निघालात? बापाच्या बोलण्यापेक्षा डुक्कर बरा वाटला?" तिचा आवाज फाटला. "बरा, बापाला नाय सांगितला. मला? रोज संध्याकाळी भाकरी बांधून मी देत होते. बंदूक खांद्याला लावून माझ्यासमोरून जात होतात. मला एक शब्द बोलायला काय झाला होता?"

"तू ओरडली असतीस."

"ओरडले असते! ओरडलेच असते! आणि आज तुमचा पाय जागेवर असता!"

नर्स धावत आली. हळू बोला, नाहीतर बाहेर जा, म्हणाली. सकुबाई बाहेर गेली. जिन्यापाशी जाऊन ती पायरीवर बसली, पदर तोंडात कोंबला, आणि या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा रडली. ते रडणंही रागाचंच होतं. थोड्या वेळानं साईनाथ पाण्याची बाटली घेऊन आला आणि तिच्याजवळ ठेवून दोन पायऱ्या खाली जाऊन बसला. ती पाणी प्यायली. 

मग ती परत आत गेली, डबा उघडला आणि नवऱ्याला भात भरवला. त्याला स्वतःच्या हातानं जेवता येत होतं, पण त्या दिवशी तसं म्हणायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साईनाथला घेऊन गावी आली. येता येता तिनं शेजारपाजारच्या दारात उभं राहून हाका मारल्या. "या जरा अंगणात. त्या दिवशी माझा ऐकून गेलात, आता ह्याचा ऐका." माणसं आली. कोंडू खाटेवर बसला होता.

साईनाथनं सगळं सांगितलं. मध्ये दोनदा तो अडखळला, सकुबाईनं त्याला थांबू दिलं नाही. त्याचं झाल्यावर ती कोंडूच्या समोर जाऊन उभी राहिली.

"दारू कोरडी होती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी बाबांना नाय ते बोलले. चुकले."

तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. कोंडू काही बोलणार इतक्यात ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आता तुमचा पण ऐका. घरातले दोन बाप्ये, एक चाळिशीचा, एक तिशीचा. लोखंडाचा एक तुकडा तुटला तर तुमाला सांगायला भितात. डुकराला भीत नाय, तुमाला भितात. निपल ह्यानं जाड काढली, पण लपवायला तुमी शिकवलात. तेल नाय लावला म्हणून महिनाभर अबोला धरायचा! नळी मोठी की पोर?"

सासऱ्याच्या आधी पाया पडून मग असं सुनावणारी सून गावानं पाहिली नव्हती. कोंडू भडकणार असं सगळ्यांना वाटलं, आणि तो भडकलाच. खाटेवरून उठून तो साईनाथच्या आवाजाच्या दिशेनं दोन पावलं गेला.

"गाढवा," तो ओरडला, "जुनी निपल कुठं टाकलीस? तुटलेली?"

"माझ्या पेटीत हाय. मुरबाडला."

"मग तिचा माप का नाय घेतलास? तुटला ते खाली तुटला ना? वरचा अंग धड होता ना? समोर ठेवून काढायची सोडून अंदाजानं काढलीस? लेथवर दहा वर्षं काय करतोस तू? मला दाखवायची होती! मी तुला शिव्या घातल्या असत्या, दोन थोबाडात मारल्या असत्या, आणि मग बाजूला बसून बरोबर काढून घेतली असती!"

आणि ते बोलता बोलताच त्याचा आवाज उतरला. आपण काय म्हणालो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तो खाटेकडे चाचपडत परतला. "शिव्या घातल्या असत्या," तो पुन्हा पुटपुटला.

गरवं भात साईनाथनं कापलं. वर्कशॉपमधून रजा काढून तो राहिला, झोडणी केली, पेंढा रचला, सकुबाई सांगेल ते मुकाट्यानं केलं. ती त्याला कामापुरतं सांगायची, त्यापलीकडे नाही. बंदूक मात्र कुणी वापरली नाही. कोंडू परवाना घेऊन साईनाथबरोबर कल्याणच्या परवानाधारक दुकानात गेला, दुकानदाराला नळी दाखवून योग्य निपल बसवून घेतली, आणि काउंटरशी उभं राहून प्रत्येक केप अंगठ्यानं दाबून ती टेकते की नाही ते चाचपत राहिला. दुकानदार वैतागला. साईनाथ शेजारी उभा राहून म्हाताऱ्याची छत्री धरून होता. परतीच्या वाटेत दोघांत काय बोलणं झालं ते घरी कुणी सांगितलं नाही.

ज्ञानेश्वर काठी घेऊन घरी आला तेव्हा थंडी सरत आली होती. पाय ताठच राहिला. चिखलणी, लावणी आता त्याच्याच्यानं होणार नव्हती. त्यानं बांधावर वाल-तूर लावायचं आणि घरापुढं भाजीचा मळा करायचं ठरवलं, तिथं काठी टेकून निभत होतं. सकुबाईचा राग एका दिवसात गेला नाही. कधी चुलीपाशी बसल्या बसल्या तो उसळायचा आणि ती भांडं आदळायची. ज्ञानेश्वर विचारायचा नाही का म्हणून. त्याला ठाऊक असायचं.

पण एक झालं. तिनं त्याला ठाण्याहून आणतानाच बजावलं होतं की यापुढं घरात काही तुटलं, फुटलं, बिघडलं तर त्याच दिवशी मला कळलं पायजे. ते त्यानं मनावर घेतलं, आणि जरा जास्तच. छपराच्या वाशाला चीर गेली, सांगायचा. बादलीची कडी ढिली झाली, सांगायचा. कोंबडी एका पायानं लंगडते, मांजर दूध पिऊन गेलं, आज माझ्याकडून कुदळीचा दांडा तडकला. पहाटे ती डोळे उघडते न उघडते तोच त्याची सुरुवात व्हायची.

"बास करा ना," ती एक दिवस वैतागून म्हणाली. "मला जरा तोंड धुऊ द्या."

"सांगायला नको?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो खरंच विचारत होता. ओटीवरून कोंडूचा आवाज आला, "ज्ञाना, माझ्या खाटेची दोरी पण तुटलीय रे. तुझ्या बायकोला सांग."

सकुबाई हसली नाही. पण ती तांब्या घेऊन मागल्या दारी गेली, आणि तिथून तिनं ओरडून विचारलं की दोरी नवी वळायची की बाजारातून आणायची.